'लस' या संज्ञेची चिकित्सा : एचसीजी-विरोधी प्रतिपिंडे आणि स्त्रीचे नियंत्रण

अमेरिकेतील 'प्रोसिडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस' या नियतकालिकात १९९४ साली डॉ. जी. पी. तलवार व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्त्रियांमधील गर्भधारणा रोखणारी लस, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी या संस्थेत वर्षानुवर्षे चाललेल्या संशोधनाचे ते फलित होते. प्रजनन संप्रेरकाविरुद्ध शरीरातच प्रतिपिंड निर्माण करून गर्भधारणा टाळता येते, हे स्त्रियांमध्ये प्रथमच इतक्या स्पष्टपणे दाखविले गेले. या यशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शंका येते ती शीर्षकातील 'लस' या शब्दाविषयी.

फलित बीज रुजण्याच्या सुमारास त्यापासून एचसीजी हे संप्रेरक स्रवू लागते. बीजकोषातील पीतपिंडाने प्रोजेस्टेरॉन तयार करीत राहावे, असा संदेश ते देते. लघवीच्या चाचणीतून गर्भधारणा ओळखली जाते ती याच संप्रेरकावरून. प्रतिपिंडांनी ते निष्प्रभ केले की पीतपिंड ओसरतो, पाळी येते आणि गर्भ टिकत नाही. बीजोत्सर्ग व मासिक पाळी यांत फारसा व्यत्यय येत नाही, हा या पद्धतीचा खरा गुण होय. गोळ्यांतील संप्रेरकांनी येणारे अनेक त्रास त्यामुळे टळतात. अडचण एवढीच की, स्वतःच्या शरीरातील संप्रेरकाविरुद्ध शरीर सहजी प्रतिपिंड बनवीत नाही. म्हणून एचसीजीच्या बीटा साखळीशी मेंढीच्या ल्युटिनायझिंग संप्रेरकाची अल्फा साखळी जोडली गेली आणि हा संयोग धनुर्वात किंवा घटसर्पाच्या टॉक्सॉइडवर बसविला गेला. या निवडीचे परिणाम पुढे प्रयोगशाळेबाहेरही उमटले.

चाचणीत १४८ स्त्रिया होत्या. त्या सर्वांना दोन अपत्ये होती, म्हणजे त्यांची जननक्षमता सिद्ध झालेली होती. सर्वांच्या शरीरात प्रतिपिंड निर्माण झाले. परंतु मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम ही संरक्षक पातळी ११९ जणींनीच ओलांडली. या पातळीच्या वर असताना १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली. हा आकडा दिपवणारा आहे व तो योग्यच आहे. मात्र त्याचा छेद कोणता हे पाहिले पाहिजे. ही १२२४ चक्रे पातळी गाठलेल्या स्त्रियांची आहेत. ज्या २९ जणींना ती गाठता आली नाही, त्यांचा या हिशेबात समावेश नाही. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या पाच स्त्रियांपैकी कोणती ती पाचवी, हे टोचण्यापूर्वी कोणालाच सांगता येत नाही. निबंधाने ही टक्केवारी लपविलेली नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. शीर्षक मात्र ती झाकून टाकते.

पहिल्या तीन मात्रा सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने दिल्या गेल्या. म्हणजे प्रारंभी तीन महिने दुसरे साधन आवश्यक, आणि पुढेही पातळी घटली की बूस्टर. पातळी ३५ नॅनोग्रॅमच्या खाली गेल्यावर जननक्षमता परतली, म्हणून पद्धत प्रत्यावर्ती ठरते. तथापि 'परत येणे' आणि 'परत आणता येणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोळी स्त्री स्वतः बंद करू शकते. तांबी काढून घेता येते. प्रतिपिंड मात्र त्यांच्या कलाने ओसरतात. शिवाय आज आपण सुरक्षित आहोत की नाही, हे रक्ततपासणीवाचून तिला कळत नाही. गोवर किंवा देवीच्या लसीत ही उणीव जाणवत नाही, कारण तेथे संरक्षण नको असण्याचा दिवस कधी उजाडतच नाही. गर्भधारणेबाबत तो दिवस उजाडू शकतो. 'लस' हे नाव नेमका हाच भेद पुसते. ज्युडिथ रिक्टर यांच्या १९९६ मधील पुस्तकाने या मुद्द्यावर बोट ठेवले; त्याआधी १९९३ मध्ये हे संशोधन थांबवावे अशी मागणी स्त्रीसंघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने केली होती. लक्ष्यपूर्तीच्या मागे धावणाऱ्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा अनुभव घेतलेल्या देशात ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

मात्र विरोधाची सर्वच रूपे सारख्या मोलाची नव्हती. १९९० च्या दशकात मेक्सिको, फिलिपाइन्स आदी देशांत धनुर्वाताच्या लसीत गुप्तपणे एचसीजी मिसळल्याचा आरोप झाला. २०१४ मध्ये केनियात तो पुन्हा उठला. लघवी वा रक्तासाठी बनविलेल्या चाचण्या लसीच्या द्रवावर चालवून काढलेले निष्कर्ष विश्वासार्ह नव्हते. पण अफवेला धागा मिळाला तो टॉक्सॉइडच्या त्या निवडीतून. शास्त्रीय दृष्ट्या ती सयुक्तिक होती. समाजमनात मात्र तिने दोन टोचण्यांची सरमिसळ घडवून आणली, आणि तिचे मोल नवजात बालकांना व त्यांच्या मातांना वाचविणाऱ्या लशीला द्यावे लागले. टीकाकारांतील काहींनी हा धोका ओळखला नाही, हे त्यांच्या युक्तिवादातील व्यंग आहे.

जनावरांच्या क्षेत्रात प्रतिपिंडांचा हाच मार्ग निर्वेधपणे रुळला. नर डुकरांच्या मांसातील वास घालविण्यासाठी जीएनआरएच या संप्रेरकाविरुद्धची टोचणी वापरात आली. अमेरिकेत हरिणींसाठी तसेच औषध २००९ मध्ये नोंदविले गेले. तेथे संमतीचा प्रश्न नाही, त्यामुळे नावाचाही नाही. पुरुषांविषयी मात्र मौन मोठे आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मुदगल यांच्या गटाने एफएसएचविरुद्धची लस पाच स्वयंसेवकांवर तपासली, तिचा अहवाल १९९७ चा. एकशे अठ्ठेचाळीस स्त्रिया आणि पाच पुरुष, ही तुलना दोन वेगळ्या टप्प्यांतील चाचण्यांची असल्याने पुरती न्याय्य नाही. तरीही ती बोलकी आहे.

तलवार यांच्या गटाने नंतर पुनर्संयोजित तंत्राने नवी लस तयार केली. तीत टॉक्सॉइडऐवजी ई. कोलाय जिवाणूच्या उष्णतानाशी विषाचा बी-उपघटक वाहक म्हणून घेतला. उंदरांमधील तिचा प्रतिसाद उच्च असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वाहक बदलल्याने धनुर्वाताशी असलेले नाते तुटले आहे. पातळी कोणी, किती दिवसांनी आणि कोठे मोजायची, हा प्रश्न या बदलाने सुटलेला नाही.