शेवटच्या पानावरून मागे : ‘द शेख’ आणि तिचे वाचक

ई. एम. हल यांची ‘द शेख’ ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती १९८० साली, पुण्यात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. आमच्या पेठेत महिन्याची वर्गणी घेऊन मराठी-इंग्रजी पुस्तकं घरी नेऊ देणारं एक लहानसं वाचनालय होतं. तिथं मला मिळाली ती बार्बरा कार्टलंड यांनी १९७७ साली काढलेली संक्षिप्त आवृत्ती. मुखपृष्ठ घरात दिसू नये म्हणून मी तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. दोन रात्रींत वाचून संपवली आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली.

ते दिवस मथुरा खटल्याच्या निषेधाचे होते. कॉलेजातल्या मुली मोर्च्यासाठी फलक रंगवत होत्या, मीही रंगवले. म्हणजे दिवसा मी बलात्काराच्या विरोधातल्या घोषणा लिहीत होते आणि रात्री ज्या कादंबरीत नायक नायिकेला पळवून नेतो आणि तिच्यावर बलात्कार करतो, ती कादंबरी आवडीनं वाचत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. ते का आलं नाही, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी ही कादंबरी वाचकांनी कशी वाचली, टीकाकारांनी त्या वाचकांबद्दल काय म्हटलं आणि माझ्या ओळखीच्या काही वाचकांना आज तिच्याबद्दल काय वाटतं, हे पाहायचं आहे.

कादंबरी आणि तिचा काळ

एडिथ मॉड हल या इंग्लंडातल्या डर्बीशायरमध्ये राहणाऱ्या गृहिणी. पहिल्या महायुद्धाच्या काळात नवरा घरापासून दूर असताना त्यांनी लिहायला घेतलं आणि १९१९ साली ‘द शेख’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. १९२१ साली तिच्यावर मूकपट निघाला. त्यात रूडॉल्फ व्हॅलेंटिनो यांनी केलेल्या शेखच्या भूमिकेमुळे पुस्तक आणि नट दोघांचंही नाव जगभर पसरलं.

कथा थोडक्यात अशी. डायना मेयो ही अनाथ, श्रीमंत इंग्रज तरुणी. भावानं तिला मुलासारखं वाढवलेलं, त्यामुळे घोडदौड आणि शिकार तिच्या हातचा मळ. लग्नाचा तिला तिटकारा. अल्जीरियातल्या बिस्क्रा गावाहून महिनाभराच्या सफरीसाठी ती वाळवंटात निघते. अहमद बेन हसन हा टोळीचा शेख तिला पकडतो आणि आपल्या तंबूत ठेवतो. तो तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि ती एकदाच नाही. ती पळून जाते, तेव्हा तो तिचा घोडा गोळी घालून मारतो आणि तिला परत आणतो. त्या परतीच्या वाटेवर तिला कळतं की आपलं याच्यावर प्रेम आहे. पुढे शेखचा शत्रू इब्राहिम उमेर तिला पळवतो. तिची सुटका करताना शेख मरणाच्या दारात जाऊन येतो. त्या आजारपणात त्याचा फ्रेंच मित्र डायनाला सांगतो की हा जन्मानं अरब नाहीच. तो एका इंग्रज उमरावाचा आणि त्याच्या स्पॅनिश बायकोचा मुलगा. बापानं दारूच्या नशेत आईचा छळ केला, ती वाळवंटात आसऱ्याला आली, म्हणून याचा इंग्रजांवर राग. शेवटी शेख पश्चात्तापानं तिला परत पाठवायला निघतो, ती पिस्तूल उचलून स्वतःवर रोखते, तो ते हिसकावतो आणि दोघं एकत्र राहतात.

साहसकथेचा सगळा साज यात आहे : घोडे, तंबू, हल्ले, पाठलाग, सुटका. पण वाचकांना आठवतो तो शेखचा कठोरपणा, आणि या पुस्तकावरचे सगळे वाद त्याच्याभोवतीच झाले.

टीकाकारांनी पाहिलेला वाचक

क्यू. डी. लीव्हिस यांचा ‘फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक’ हा ग्रंथ १९३२ सालचा. लोकप्रिय कादंबऱ्यांना त्यांनी दिवास्वप्नं मानलं. अशा वाचनाची सवय लागली की खऱ्या आयुष्याचा कस सोसायची ताकद कमी होते, असा त्यांचा सूर. त्यांनी वाचकांची काळजी केली, पण त्यांना नेमकं काय आवडतं आणि काय नाही, हे एकेकीला गाठून विचारलं नाही.

ते काम अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी केलं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रीडिंग द रोमान्स’ या पुस्तकासाठी त्या मध्य-पश्चिम भागातल्या एका गावी गेल्या. पुस्तकात त्या गावाला त्यांनी स्मिथटन असं नाव दिलं आहे. तिथल्या पुस्तकांच्या दुकानात काम करणारी, पुस्तकात ‘डॉट’ या नावानं येणारी एक बाई ग्राहकांना प्रणयकादंबऱ्या निवडून देत असे. तिच्या ४२ ग्राहक स्त्रियांनी रॅडवे यांच्या प्रश्नावलीला उत्तरं दिली, काहींशी त्या सविस्तर बोलल्याही.

या वाचक स्त्रिया मुळीच भोळ्या नव्हत्या. नायकाचा क्रूरपणा हद्दीबाहेर गेला की त्या पुस्तक नापास करत. नायिका हुशार हवी, नायकात कुठंतरी माया हवी, हा त्यांचा आग्रह होता. अनेकजणी पुस्तक घेण्याआधी शेवट पाहून घेत. शेवट गोड आहे याची खात्री झाली, की मधला कठोरपणा त्या सोसायला तयार असत. रॅडवे यांचं म्हणणं असं की या वाचनात नायकाचं थंड, तुटक वागणं नंतर दडलेल्या प्रेमाचं लक्षण ठरतं, आणि वाचक आपल्या घरातल्या अबोल पुरुषाकडेही त्याच नजरेनं पाहायला शिकते. पण त्याच पुस्तकात त्या असंही दाखवतात की हातात पुस्तक घेऊन बसणं ही त्या बायकांची घरातल्या मागण्यांपासूनची तासाभराची सुटी होती.

लेखिकांची बाजूही पुढे आली. जेन अ‍ॅन क्रेन्ट्झ यांनी १९९२ साली प्रणयकादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिकांच्या निबंधांचं एक पुस्तक संपादित केलं. त्यात लॉरा किन्सेल यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो : वाचक स्त्री फक्त नायिकेच्या जागी बसते असं आपण गृहीत धरतो, ती नायकाच्या जागीही बसू शकते. ‘द शेख’ला हे चांगलंच लागू पडतं. अठराव्या वर्षी मला घोड्यावर मांड टाकून वाळवंटात हवं तिथं जायचं होतं. ते स्वातंत्र्य पुस्तकात आधी डायनाकडे असतं आणि नंतर शेखकडे जातं. मीही त्याच्यामागून गेले.

तीन वाचकांची मतं

मागच्या वर्षी मी मूळ संपूर्ण कादंबरी वाचली आणि मग ती तिघींना वाचायला दिली. याला सर्वेक्षण म्हणता येणार नाही, घरातली आणि मैत्रीतली बोलणी आहेत. पण त्यांनी माझं मत बदललं, म्हणून ती इथं देते.

पहिली माझी थोरली बहीण. हे पुस्तक माझ्याआधी तिनंच वाचलं होतं आणि त्यानंतर वर्षभरात तिचं लग्न झालं. ताई म्हणाली, “अगं, तो जबरदस्ती करतो ती पानं मी तेव्हाही भराभर उलटली होती. मला आवडलं ते शेवटचं. तो तिला सांगतो ना, की माझं चुकलं, मी तुझ्याशी वाईट वागलो. तेवढं एक वाक्य ऐकायला मी तीनशे पानं वाचेन.” यावर मी काही बोलले नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल, याचा अंदाज मला आहे.

दुसरी माझी मैत्रीण, कुटुंब न्यायालयात वर्षानुवर्षं वकिली केलेली. तिनं पुस्तक पूर्ण वाचलं, पण चिडत चिडत. “माझ्याकडे येणाऱ्या बायकांनाही असंच वाटत असतं,” ती म्हणाली. “तो मनानं वाईट नाही, लहानपणी त्याचे हाल झालेत, दारू सुटली की सुधारेल. हे सगळं या पुस्तकातही आहे, अगदी दारुड्या बापासकट. फरक एवढाच, की त्या वाट बघत राहतात आणि शेवटचं प्रकरण येतच नाही.”

तिसरी ताईची मुलगी. तिनं तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, “मावशी, शेवटी काय होतं ते सांगून टाक.” मी सांगितलं. शेख इंग्रज उमरावाचा मुलगा निघतो म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, “आणि तो खरंच अरब असता तर?”

हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. पुस्तकात त्याचं उत्तर मात्र स्पष्ट आहे. जो खरोखर अरब आहे तो इब्राहिम उमेर लठ्ठ, किळसवाणा रंगवला आहे आणि तो मारला जातो. दोघंही एकाच बाईला पळवतात. एकाचं कृत्य प्रेमात जमा होतं आणि दुसऱ्याचं पापात, ते रक्ताच्या हिशोबानं. म्हणजे कठोरपणा वाळवंटाच्या नावावर आणि पश्चात्ताप युरोपच्या नावावर लिहिलेला. इंग्रजांच्या राज्यात वाढलेल्या बापाची मुलगी असून मी हे दोनदा वाचलं आणि मला ते दिसलं नाही.

उलटं वाचन

या सगळ्या मतांमधून मला एक गोष्ट दिसते. कठोर नायकाची कादंबरी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली जाते. त्यानं मनगट आवळलं तेव्हा ती क्रूरता असते. शेवटच्या पानानंतर तीच खूण होते, की तो तिच्यासाठी तेव्हाही कासावीस होता. मी लगेच दुसऱ्यांदा वाचायला घेतली ती यासाठीच. दुसऱ्या वाचनात भीती उरली नव्हती. त्याच्या प्रत्येक कृतीचा अर्थ मला आधीच ठाऊक होता. वाचकाला क्रौर्य आवडतं, हा आरोप म्हणूनच मला चुकीचा वाटतो. क्रौर्याला अर्थ होता, हे आश्वासन वाचकाला हवं असतं.

१९१९ साली लेखिकेची अडचणही होती. इंग्लंडात आदल्याच वर्षी स्त्रियांना मताधिकार मिळाला होता, तोही तीस वर्षांवरच्या आणि ठरावीक अटींत बसणाऱ्यांना. कुमारिकेनं स्वतःहून शरीरसुख घेतलं असं लिहिलं असतं तर ती नायिकाच उरली नसती. बळजबरीमुळे डायना निर्दोष राहते. हे अनेक अभ्यासकांनी दाखवलं आहे आणि मला ते पटतं. पण त्यासाठी लेखिकेला तिच्या नकाराचा अर्थ पुसावा लागला. चित्रपट काढणाऱ्यांना ही किंमत जाणवली असावी. त्यांनी नायकाला त्या कृत्यापासून थांबवलं.

आता मथुरा खटला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणून तिची संमती होती असा अर्थ लावला गेला. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक नाही का. आंदोलनं झाली आणि १९८३ साली कायदा बदलला.

ज्या फलकांना मी रंग दिला, त्यांच्यामागचा प्रश्न हाच होता. आणि रात्री जे पुस्तक वाचत होते, त्याचं उत्तर नेमकं उलट होतं : ती शरण गेली, म्हणजे तिच्या मनात होतंच. लेखिकेला हे म्हणता येतं, कारण डायनाचं मन तिनंच घडवलं आहे आणि शेवटचं पान तिच्या हातात आहे. न्यायाधीशाच्या हातात तसं पान नसतं, नवऱ्याच्या हातात नसतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही नसतं. तरी ते सगळे उलटं वाचतात, तेव्हा कादंबरीतली सवलत ते खऱ्या बाईच्या जिवावर घेत असतात.

मराठी कादंबरीनं ही सवलत फार आधी नाकारली होती. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये दुर्गीच्या हालांना कुठलंही गोड स्पष्टीकरण मिळत नाही. तिच्या नवऱ्याच्या वागण्यामागून दडलेलं प्रेम बाहेर येत नाही. यमू ते सरळ, घडलं त्या क्रमानं सांगते. हे पुस्तकही मी त्याच वर्षी वाचलं होतं, अभ्यासक्रमाला लागलं म्हणून. त्याला कव्हर घालावं लागलं नाही.

मग ‘द शेख’ वाचू नये का? माझ्या मते वाचावी, आणि ज्यांना ती आवडली त्यांना हसू नये. ताईला जे वाक्य हवं होतं ते मागण्यात काही चूक नव्हती. चूक असलीच तर एवढी, की ते तिला फक्त एका वाळवंटातल्या शेखकडून मिळालं. परवा ती पुस्तक परत द्यायला आली, तेव्हा पिस्तुलाच्या प्रसंगाजवळच्या पानात बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं होतं. तिकीट मी काढलं नाही. पुस्तक तसंच भाचीकडे पाठवलं आहे, या वेळी शेवटापर्यंत वाच असं सांगून.