‘इतर’ या सदराची चिकित्सा

छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेलेल्या नलिकेने महाधमनीची कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात बसविण्याचा पहिला उपचार आलँ क्रिबिए यांनी फ्रान्समधील रूआँ येथे २००२ साली केला. पुढे या उपचाराचा प्रसार झाला; परंतु उपद्रव मोजण्याची रीत ठिकठिकाणी निराळी असल्याने तुलना दुष्कर झाली. ही उणीव दूर करण्यासाठी ‘व्हॉल्व्ह अकॅडेमिक रिसर्च कन्सॉर्शियम’ या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये समान व्याख्या सिद्ध केल्या. त्यांच्या २०१२ च्या सुधारित आवृत्तीचा भाषेच्या अंगाने विचार करणे उद्बोधक ठरते.

या आवृत्तीचा मोठा गुण म्हणजे भेदांची काटेकोर आखणी होय. बसविलेली झडप वलयाच्या आतच वरखाली सरकणे, वलयाशी तिचा संपर्क सुटणे आणि ती भलत्याच जागी कायमची बसविली जाणे, या तीन घटनांना तीन स्वतंत्र संज्ञा दिल्या आहेत.

मात्र बहुतेक विरळ उपद्रव ‘इतर’ या एकाच सदरात घातले आहेत. हृदयस्नायूस रक्त पुरविणाऱ्या धमनीचे मुख बंद होणे हा त्यांपैकीच एक. २०१३ च्या एका बहुकेंद्रीय अहवालात तो शेकडा एकाहूनही कमी रुग्णांत आढळला. परंतु ज्यांस तो झाला त्यांपैकी शेकडा सुमारे ४० रुग्ण तीस दिवसांत दगावले. ‘इतर’ या शब्दातून वारंवारता सूचित होते, गांभीर्य नव्हे. वाचक मात्र पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान करतो.

दुसरा दोष क्रियापदाचा आहे. धमनीमुखाच्या व्याख्येत अडथळा कशामुळे आला, कृत्रिम झडपेमुळे की मूळच्या पाकळ्यांमुळे, हे नमूद आहे. सरकण्याच्या व्याख्येत मात्र झडपच कर्ता आहे. वास्तविक माप चुकल्याने किंवा झडप अयोग्य उंचीवर बसविल्यानेही ती सरकते. ‘झडप सरकली’ या अकर्मक रचनेत हे कारण लुप्त होते व त्यापासून घ्यावयाचा धडाही हरवतो.

अमेरिकेत २०१९ पासून कमी जोखमीच्या रुग्णांनाही हा उपचार मान्य झाला आहे. प्रमाण तेच राहिले तरी उपचारांची संख्या वाढताच पीडितांची संख्याही वाढते: दहा हजारांत शेकडा एक म्हणजे शंभर माणसे. म्हणून विरळ उपद्रवाच्या नोंदीत संख्येबरोबर परिणाम आणि कारणही लिहिले गेले पाहिजे. व्याख्येची कसोटी केवळ मोजणीची सोय नव्हे. पुढील रुग्णाचे रक्षण हीच तिची खरी कसोटी होय.