धुणे आणि सांगणे

‘स्मृतिचित्रे’ मी पहिल्यांदा वाचले ते हसण्यासाठी. वर्गात एखादा उतारा घ्यावा, मुले खदखदून हसावीत, तास संपावा. मास्तरांना आणखी काय हवे? तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. चौदाव्या दिवशी मी शाळेत हजर झालो. “कामात मन रमवा, म्हणजे विसराल,” असे ज्याने त्याने सांगितले. विसरलो तर नाहीच. मात्र तिचे नाव घरात निघेनासे झाले. मुलगी आईविषयी बोलू लागली, की मी वह्या तपासायला बसत असे.

अशा दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांकडे पुन्हा वळलो, आणि आरंभीच्या पानांवरच अडखळलो. १८५७च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. घरात येईल ते धुवायचे, पुन्हा धुवायचे! लक्ष्मीबाई हे गमतीने सांगतात, आणि समीक्षक मंडळी विनोदी शैलीला दाद देऊन पुढे सरकतात. मी मॅट्रिक झालेला मास्तर; चार कादंबऱ्या लिहिल्या एवढाच माझा अधिकार. पण वाचकहो, हा गृहस्थ धूत काय होता? जे त्याला बोलता आले नाही, तेच ना? जाच मात्र घरच्यांनी सोसला. मला माझा वह्यांचा गठ्ठा आठवला.

त्याच घरातली ही मुलगी. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा जिवंत असून ती एकटी पडली. ताटातुटीची ती वर्षे वाचताना जीव गुदमरतो. पण रडणे सांगता सांगता लक्ष्मीबाईंना स्वतःचाच एखादा वेडेपणा आठवतो आणि तो त्या गाळीत नाहीत. टिळकांचा संताप, त्यांचा उधळा हात, सगळे येते. गेलेल्या माणसाला त्या देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. त्याच्याशी भांडण चालूच ठेवतात.

म्हणून त्यांचा विनोद हा दुःखावरचा उतारा आहे, हे मत मला पटत नाही. दुःख तेवढेच राहिले आहे. त्याला वाचा फुटली आहे, इतकेच. आणि तीही सावकाश. टिळक वारले १९१९ मध्ये; पुस्तकाचे चार भाग निघाले १९३४ ते १९३६ या काळात. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ही बाईंनीच पुढे नेले. टिळकांच्या मागचा भाग मला आधीच्याइतका भरलेला वाटत नाही, हेही सांगितले पाहिजे. भांडायला समोर माणूस नसला की रंगत जायचीच.

गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, “आई दूध उतू घालवायची आणि गॅसला दोष द्यायची, नाही हो बाबा?”

मी वही मिटली. म्हटले, “गॅसला कसला? मला द्यायची.”