सुरवंटाच्या पोटातला कागद

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, टिश्यू पेपरवर व्याख्यान देण्यासारखं काय आहे? हात पुसायचे आणि टाकून द्यायचा. तर आधी हा गोंधळ मिटवू. आपण जेवणाच्या टेबलावरच्या कागदाबद्दल बोलत नाही. आपल्याकडे ज्याला पतंगी कागद म्हणतात, जो स्टेशनरीच्या दुकानात तावावर मिळतो, पतंगाला आणि आकाशकंदिलाला लागतो, तो हा कागद. वहीचा कागद चौरस मीटरला साठ-सत्तर ग्रॅम भरतो, हा वीस ग्रॅमच्या आसपास. म्हणून तो फुंकरीने उडतो, म्हणून त्यातून उजेड आरपार येतो आणि म्हणूनच एका तावावर दुसरा ठेवला की खालचा रंग वरच्यातून दिसतो. पिवळ्यावर निळा ठेवा, मधे हिरवा उमटतो. जाड घोटीव कागदावर हे होत नाही. या कागदाचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आहे, आणि आमचं आजचं म्हणणंही याच गोष्टीभोवती आहे.

शाळेत किंवा सुट्टीच्या शिबिरात पतंगी कागद येतो तेव्हा त्याचं काय होतं ते आठवा. कार्डशीटवर छापील मोर किंवा फुलपाखरू असतं. मुलांना रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे देतात. प्रत्येक तुकडा चुरगळून वाटाण्याएवढा गोळा करायचा, फेव्हिकॉलमध्ये बुडवायचा आणि रेघेच्या आत चिकटवायचा. तास संपतो, पस्तीस मोर तयार होतात. पस्तीसही सारखे. भिंतीवर छान दिसतात, पालक फोटो काढतात. आम्ही अशी प्रदर्शनं बरीच पाहिली आहेत, आणि दर वेळी वाटतं ते हेच की इथे कागद पतंगी असण्याची गरजच नव्हती. गोळा केला की त्यातून उजेड येत नाही, थरावर थर बसत नाही. लोकर चालली असती, डाळ चालली असती, रांगोळीसुद्धा चालली असती. पातळपणा हा ज्याचा एकमेव गुण, तो आपण पहिल्याच मिनिटाला मुठीत संपवतो.

गंमत अशी की गेली काही वर्षं हे मोर-फुलपाखरू मागे पडून त्यांच्या जागी एक हिरवा सुरवंट आला आहे. 'एरिक कार्ल यांच्या शैलीत' अशी पाटीही त्याखाली असते. म्हणून कार्ल यांचं काम नीट बघू या, कारण त्यांच्या नावावर जे चाललंय ते त्यांच्या कामाच्या बरोबर उलट आहे.

कार्ल यांचा जन्म १९२९ सालचा, अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात. आई-वडील जर्मन. सहा वर्षांचे असताना कुटुंब जर्मनीत श्टुटगार्टला परतलं, आणि मुलाचं शिक्षण हिटलरच्या राजवटीत झालं. तिथले त्यांचे चित्रकलेचे शिक्षक क्राउस यांनी त्यांना एकदा गुपचूप बंदी घातलेल्या आधुनिक चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती दाखवल्या. त्या काळात हे जिवावरचं काम होतं. त्या चित्रांतले रंग खऱ्यासारखे नव्हते. निळ्या घोड्यांचा चित्रकार फ्रान्त्स मार्क या मंडळींपैकीच. कार्ल यांनी पुढे २०११ मध्ये त्याच्यावर एक चित्रपुस्तकच केलं. १९५२ मध्ये ते अमेरिकेत परतले. तिथे 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ग्राफिक डिझायनर म्हणून काम मिळायला त्यांना लिओ लिओनी यांची मदत झाली. हे तेच लिओनी, ज्यांनी आगगाडीत कंटाळलेल्या नातवंडांना मासिकाच्या पानाचे निळे-पिवळे तुकडे फाडून गोष्ट सांगितली आणि १९५९ मध्ये तिचं पुस्तक केलं. त्यात निळा आणि पिवळा एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. पुढे कार्ल यांच्या एका जाहिरातीतला लाल लॉबस्टर बघून लेखक बिल मार्टिन यांनी त्यांना बोलावलं. १९६७ मध्ये दोघांचं 'ब्राउन बेअर' आलं आणि दोन वर्षांनी कार्ल यांचा स्वतःचा भुकेला सुरवंट. त्याच्या आजवर पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत आणि साठाहून जास्त भाषांत तो गेला आहे.

आता हा सुरवंट केला कसा? बहुतेक लोकांना वाटतं रंगीत कागद आणला, कापला, चिकटवला. सुरुवातीला कार्ल दुकानातले रंगीत टिश्यू वापरत. पण त्या कागदाचा रंग कच्चा असतो. उन्हात उडतो, पाण्याने सुटतो. मग ते पांढरे ताव घेऊन स्वतःच रंगवू लागले. ॲक्रिलिक रंग, कधी रुंद ब्रश, कधी बारीक, कधी बोटं. कधी स्पंजला, गोणपाटाला किंवा गालिच्याच्या तुकड्याला रंग लावून त्याचा ठसा. वाळलेले ताव रंगांप्रमाणे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले. कोणता ताव कशासाठी, हे रंगवताना ठरलेलं असेलच असं नाही. हिरव्या लाटा मारलेला ताव उद्या पान होईल, परवा सुरवंटाचं अंग होईल. चित्र काढायला बसले की खण उघडायचा, ताव निवडायचा, आकार कापायचा आणि वॉलपेपरच्या खळीने जाड बोर्डावर चिकटवायचा. ॲक्रिलिक वाळलं की पाण्याने सुटत नाही, म्हणून ओल्या खळीतही रंग पसरत नाही. शिवाय रंगाच्या पापुद्र्याने वीस ग्रॅमच्या कागदाला थोडं बळ येतं.

म्हणजे अर्धं काम कात्रीच्या आधी झालेलं असतं. आंरी मातीस यांच्या म्हातारपणच्या कापचित्रांतही असंच होतं, आधी कागद रंगवायचे आणि मग त्यात आकार कापायचे. फरक इतकाच की तिथे कागद मदतनीस रंगवत आणि रंग सपाट असे. कार्ल यांच्या तावावर हाताची हालचाल दिसते. ब्रश कुठे सुकला, कुठे घसरला, सगळं. सुरवंटाच्या अंगाचे ते हिरवे तुकडे जवळून पाहा, एकही तुकडा एकरंगी नाही. मुलांना तो सुरवंट जिवंत वाटतो तो यामुळे, डोळे मोठे आहेत म्हणून नव्हे.

आता तो वर्गातला 'कार्ल शैलीतला' सुरवंट. दुकानाचा हिरवा कागद, बाईंनी कापून ठेवलेली वर्तुळं, आणि हल्ली तर सगळं एका पाकिटात तयार मिळतं. कार्ल यांच्या कामातला जो भाग मूल स्वतः करू शकलं असतं, बोटं रंगात घालून पांढरा ताव बिघडवायचा, तोच वगळलेला. आणि जो भाग नुसता त्यांच्या चित्राचा ठसा आहे, लाल डोकं नि हिरवी वर्तुळं, तेवढा ठेवलेला. याला आम्ही शैली शिकवणं म्हणत नाही. ही नक्कल आहे, आणि तीही चुकीच्या टोकाची.

बाईंची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. पन्नास मुलं, एक नळ, पस्तीस मिनिटांचा तास. रंगवलेले ताव वाळवायचे कुठे? खरी अडचण आहे. पण ती एका तासाची अडचण आहे. या आठवड्यात रंगवा, पुढच्या आठवड्यात कापा. तेवढंच.

कार्ल यांचंही सगळंच आम्हाला पटतं असं नाही. (फुलपाखरू कोषातून येतं की आणखी कशातून, हा वाद शास्त्राच्या शिक्षकांसाठी सोडून देऊ.) सुरवंटाच्या पुस्तकातली भोकं अप्रतिम आहेत. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, पानं हळूहळू रुंद होत जातात आणि मुलाचं बोट भोकातून सुरवंटाच्या मागे जातं. तिथे कागद कागदासारखाच वागतो. अशी भोकं पाडणारा आणि परवडणारा छापखाना अमेरिकेत सापडेना, म्हणून पहिलं पुस्तक जपानमध्ये छापलं गेलं. १९८४ च्या कोळ्याच्या पुस्तकात जाळं उंचवट्याने छापलं आहे, बोटाला लागतं. तेही ठीक. पण १९९० च्या रातकिड्याच्या पुस्तकात शेवटी एक चिप आवाज करते आणि १९९५ च्या काजव्यात बॅटरीचे दिवे लुकलुकतात. उजेड आरपार जाऊ देणं हाच ज्या कागदाचा गुण, त्याच्या चित्रांना बॅटरी लावायची वेळ यावी? छापील पानातून उजेड जात नाही हे खरं. पण काजव्याची चमक दाखवायला रंगाच्या थरांवर भरवसा ठेवता आला असता, आणि ते कार्ल यांना सहज जमलं असतं असं आमचं मत आहे.

इथे आपल्या घरातल्या कंदिलाकडे यायला हवं, कारण हा कागद उजेडासाठी वापरायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कामट्यांचा सांगाडा, मैद्याची खळ, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. ज्यांनी घरी केला आहे त्यांना माहीत आहे, खळ जास्त झाली की कागद फाटतो, कमी झाली की कोपरा सुटतो. कागद एका दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की दातेरी होतो, हे झिरमिळ्या कापताना हाताला आपोआप कळतं. आणि जोडावर दोन थर येतात तिथे रंग गडद होतो. तो जोड लपवायचा नसतो, दिवा लागला की तीच नक्षी होते. कार्ल यांना जे खणांतल्या तावांनी साधायचं होतं, त्याच्या जवळचं काहीतरी इथे चाळीच्या गॅलरीत दर दिवाळीला होत आलं आहे. इथे रंग उडाला तरी बिघडत नाही, कंदील पंधरा दिवसांचा. वर्षानुवर्षं टिकायचं चित्र असेल तर मात्र बाजारी रंगीत ताव फसवतो. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे करायचा. आता प्लॅस्टिकचे घडीचे कंदील आले. ते पावसात टिकतात, हे मान्य. पण त्यांच्या जोडावर काहीच घडत नाही.

शेवटी एक प्रश्न आला आहे, घरी मुलांबरोबर करायचं तर सुरुवात कशी करावी? पांढरा पतंगी कागद आणा, रंगीत नको. तावाला एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. खरखरीत बाजू वर ठेवा, रंग बरा धरतो. खाली प्लॅस्टिक अंथरा, वर्तमानपत्र नको, ते चिकटून बसतं. ॲक्रिलिक घ्या, पाणी अगदी कमी. ब्रश एकाच जागी घासू नका, कागद उसवतो. ओला ताव उचलायला जाऊ नका, फाटणारच. पूर्ण वाळू द्या, मग एका कोपऱ्यापासून सावकाश सोलून घ्या. आणि पहिल्या दिवशी कात्री काढूच नका. मूल विचारेल, याचं काय करायचं? सांगा, अजून ठरलेलं नाही.