डबा कन्सोलचा, ऐवज पीसीचा

प्लेस्टेशन 5 वरचा मोठा गेम सुरू करा, बहुतेक वेळा सेटिंग्जमध्ये एक प्रश्न तुमची वाट पाहत असतो: 'परफॉर्मन्स' की 'फिडेलिटी'? सेकंदाला 60 फ्रेम हव्यात की चित्र अधिक रेखीव? हा प्रश्न मुळात पीसीवाल्यांचा. तो आपल्याला पडू नये म्हणूनच तर आम्ही कन्सोल घ्यायचो. यंत्र एकच, त्यामुळे काय ठेवायचं नि काय सोडायचं हे गेम बनवणाऱ्यानेच ठरवून दिलेलं असे.

2001 साली पहिला एक्सबॉक्स आला तो पेंटियम 3 जातीचा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क घेऊन. तेव्हा तो अपवाद होता. सेगा सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर, प्लेस्टेशन 2 मध्ये 'इमोशन इंजिन', असा प्रत्येकाचा संसार वेगळा. या हौसेचा कळस म्हणजे 2006 च्या प्लेस्टेशन 3 मधला 'सेल'. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेल्या या चिपमध्ये एक मुख्य गाभा आणि भोवती छोटे सहायक गाभे होते. प्रत्येक सहायकाला स्वतःची मेमरी फक्त 256 केबी. कामाचे तुकडे पाडायचे, ते वेळेवर आत पाठवायचे, झालेलं काम बाहेर काढायचं, हे सगळं प्रोग्रामरने स्वतः जुळवायचं. अनेक स्टुडिओ यात गारद झाले. पण नॉटी डॉगने 2013 मध्ये याच यंत्रावर 'द लास्ट ऑफ अस' उभा केला. एकूण मेमरी 512 एमबी, तीही दोन भागांत विभागलेली! यंत्राचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम काढून घेण्याची ही कारागिरी होती, आणि ती मला आजही मोठी वाटते.

त्याच वर्षाअखेरीस प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन बाजारात आले. दोघांच्याही पोटात एएमडीचे आठ 'जॅग्वार' गाभे, म्हणजे सरळ पीसीच्या जातीचा प्रोसेसर. गेम बनवण्याचा खर्च फुगत चालला असताना दरवेळी नवी चिप शिकत बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. याचा फायदा झाला हेही कबूल. प्लेस्टेशन 4 चे बहुतेक गेम 5 वर विनातक्रार चालतात. प्लेस्टेशन 3 ची डिस्क मात्र त्यावर चालत नाही. गंमत अशी की त्यातले कितीतरी गेम चांगल्या पीसीवर एम्युलेटरच्या जोरावर चालतात. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' 2020 मध्ये आधी स्विचवर आणि दोनेक महिन्यांत पीसी, प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्सवर आला. तयार इंजिनं आणि सरळ हार्डवेअर यांच्याशिवाय छोट्या चमूला ही मजल मारणं अवघड होतं.

मग तक्रार कशाची? पीसीची दुखणी तेवढी आमच्याकडे आली, सुखं तिकडेच राहिली. डिस्क घालूनही पॅच उतरवत बसा. प्लेस्टेशन 5 ची जागा संपली की उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीसकट (हीटसिंक) एसएसडी शोधत फिरा. 2020 च्या डिसेंबरात 'सायबरपंक 2077' जुन्या कन्सोलवर इतका मोडका आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढूनच टाकला. पिढीच्या मध्यावर 'प्रो' यंत्र येतं आणि कालपर्यंत पुरेसा वाटणारा डबा लगेच जुना वाटू लागतो. उलट, पीसीवर स्टीमपासून एपिकपर्यंत दुकानं अनेक, मॉड मुबलक, ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. आमच्याकडे दुकान एकच आणि बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायलाही महिन्याचे पैसे मोजायचे.

एकेका यंत्राचे खास गेमही आता इकडचे तिकडे जातात. 'गॉड ऑफ वॉर' पीसीवर गेला, 'फोर्झा होरायझन 5' प्लेस्टेशनवर आला, याचं मला फारसं दुःख नाही. चांगला गेम जास्त लोकांनी खेळावा.

चिप वेगळी नसली म्हणून यंत्राला व्यक्तिमत्त्व नसतं असंही नाही. निन्टेन्डोने स्विचमध्ये एनव्हिडियाची आधीच तयार असलेली चिप घातली, तरी ते यंत्र निन्टेन्डोचंच वाटतं. 2024 च्या 'अ‍ॅस्ट्रो बॉट'मध्ये वाळू, काच, पाऊस यांचा फरक प्लेस्टेशन 5 च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरच्या थरथरीतून तळहाताला कळतो. कन्सोलची कारागिरी आता चिपमधून हातातल्या कंट्रोलरमध्ये उतरली आहे, आणि तिथे ती अस्सल आहे.

पण बाकीच्या व्यवहाराचं काय? प्लेस्टेशन 5 प्रो अमेरिकेत 700 डॉलरला आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह वेगळी विकत घ्यायची. पीसीसारखे सुटे भाग गोळा करायला लावायचं असेल, तर पीसीसारखं दुकान निवडायचं स्वातंत्र्यही द्या. ते द्यायचं नसेल, तर डिस्क घातल्याबरोबर चालणारा पूर्ण गेम द्या. सध्या कन्सोलवाल्याला यातलं एकही धड मिळत नाही.