नॉरशॉपिंग: भोंग्याशिवायचं गिरणगाव

मुंबईच्या गिरण्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "युरोपात बघा कसं सगळं जपून ठेवतात. आपल्याला का नाही जमलं?" हा प्रश्न तुम्हीही कधीतरी विचारला असेल. लंडन, मँचेस्टर, बर्लिन पाहिलेला प्रत्येक जण विचारतो. पण तो नीट तपासून बघायचा असेल तर मी तुम्हाला स्वीडनमधल्या नॉरशॉपिंगला जायला सांगेन. (स्पेलिंगमध्ये 'के' आहे, पण उच्चार 'श'. तिकीट काढताना उपयोगी पडेल.) स्टॉकहोमहून जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. शहर मोठं नाही, एका दिवसात पायी बघून होतं. आणि ते इतकं देखणं आहे की वरच्या प्रश्नाचं उत्तर तिथे गेल्या गेल्या मिळाल्यासारखं वाटतं. माझी तक्रार नेमकी त्या देखणेपणाबद्दल आहे.

आधी जागा समजून घ्या. मोताला ही नदी व्हेटर्न या प्रचंड सरोवरातून निघते, आणखी काही तळ्यांमधून वाहते आणि शेवटी बाल्टिक समुद्राच्या एका लांबट खाडीला मिळते. मिळण्याच्या जरा आधी, ऐन शहराच्या मध्यावर, ती टप्प्याटप्प्याने खाली उतरते. हे उतरणं म्हणजेच शहराचा सगळा इतिहास. पाणी पडतं तिथे चाक फिरवता येतं. सतराव्या शतकात इथे शस्त्रं आणि पितळ बनायला लागलं, मग कागद, मग लोकरीचं कापड, पुढे सूतही. 1719 साली रशियन आरमाराने शहर जाळलं, ते पुन्हा उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकात त्याला 'स्वीडनचं मँचेस्टर' म्हणू लागले. मुंबईलाही 'पूर्वेचं मँचेस्टर' म्हणत. खऱ्या मँचेस्टरला या दोन्ही नावांचं काय वाटत असे कोण जाणे.

मग विसाव्या शतकाच्या मध्यावर, परदेशी स्वस्त कापडापुढे, एकेक गिरणी बंद होत गेली. 1970 मध्ये वायएफए ही शेवटची मोठी लोकर कंपनी बंद पडली. 1986 मध्ये होल्मेनचा कागद कारखानाही शहराच्या मध्यातून गेला. मागे उरल्या पिवळ्या आणि तांबूस भिंतींच्या उंच इमारती. त्यांच्या भिंती थेट पाण्यातून वर येतात. त्या पाडायचं ठरलं नाही, हे शहराचं मोठं श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवं. 1991 मध्ये एका इमारतीत कामाचं संग्रहालय झालं, 1994 मध्ये कागद कारखान्यात संगीत सभागृह झालं, 1997 मध्ये लिनशॉपिंग विद्यापीठाने इथे आपला कॅम्पस सुरू केला. आज जिथे सूत निघायचं तिथे विद्यार्थी लॅपटॉप उघडून बसलेले दिसतात. लोअर परळमध्ये जिथे सूत निघायचं तिथे काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे, आणि तिच्याखाली सेल्फी काढणाऱ्या किती जणांना ती कशाची आहे हे माहीत असेल, कोण जाणे.

इथपर्यंत स्वीडनची बाजू भक्कम. आता पुलावर उभं राहा.

समोर धबधबा आहे, तोही बांधलेला, म्हणजे बंधाऱ्यावरून पसरून पडणारा. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. अंधार पडला की दिवे लागतात. फोटो काढावासा वाटतो आणि तो चांगलाच येतो. पण इथे ऐकू येत होता तो आवाज पाण्याचा नव्हता. मागाच्या खात्यात शेकडो माग एकदम चालतात तेव्हा माणसं ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात. ही गोष्ट लँकेशायरची तशीच परळची, आणि जिथे जिथे यंत्रमाग होते तिथली सगळ्यांची. त्या आवाजाने पुढे कान जायचे. लोकरीला तेलाचा वास असतो, ओल्या लोकरीचा वेगळाच. रंगखात्यातलं पाणी कुठे जायचं? याच नदीत. म्हणजे आज ज्या पाण्याकडे बघून आपण 'वा' म्हणतो, ते त्या काळी बघण्याजोगं नव्हतं. शहराने कारखान्यातून काम काढून घेतलं आणि त्या जागी निसर्ग ठेवला. दगड-विटा खऱ्या, नदी खरी, पण मिळून जे चित्र तयार होतं ते कधीच अस्तित्वात नव्हतं.

हा दोष जपणुकीचा नाही, मांडणीचा आहे. बाहेर फिरताना शहर तुम्हाला इमारतींची वर्षं आणि नावं सांगतं, पण कामाचे तास सांगत नाही.

ते सांगणारी जागा एकच आहे, आणि तिच्यासाठी तरी जायलाच हवं. लाक्सहोल्मेन, म्हणजे 'सालमन माशांचं बेट', या चिंचोळ्या तुकड्यावर 1917 मध्ये होल्मेन कंपनीने सुती मागांसाठी एक इमारत बांधली. बेटाच्या आकाराला धरून ती इतकी निमुळती झाली की लोक तिला 'स्ट्रीकयार्नेट', म्हणजे कपड्यांची इस्त्री, म्हणू लागले. शिल्पकार कार्ल मिलेस यांनी तिला युरोपातली सर्वांत सुंदर कारखान्याची इमारत म्हटल्याचं सांगतात, आणि पर्यटन खात्याला हे वाक्य फार आवडतं. जरा थांबा इथे. 1917 च्या वसंतात स्वीडनभर भुकेचे मोर्चे निघाले होते. युद्धामुळे अन्न महागलं होतं, आणि त्यांत कामगार बायका मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या होत्या. सुंदर कारखाना आणि रिकामी चूल एकाच वर्षातली.

याच इमारतीत आता कामाचं संग्रहालय आहे. ते कामगार संघटना आणि त्यांच्या शिक्षण संस्था यांच्या पुढाकाराने उभं राहिलं, आणि तो फरक आत गेल्यावर जाणवतो. तिथे मालकाचं तैलचित्र मध्यभागी नाही. तिथे अल्व्हा आहे. अल्व्हा याच इमारतीत 35 वर्षं काम करत होती. तिचं काम सुताची गुंडाळणी, म्हणजे एका बॉबिनवरचं सूत दुसऱ्यावर घेणं. दिवसभर उभं राहायचं, धागा तुटला की गाठ मारायची. एवढंच काम, आणि त्यात एक आख्खं आयुष्य. संग्रहालयाने तिला नायिका केलेलं नाही. तिचं घर, पगार, रोजचे व्यवहार मांडलेत, आणि ती सगळ्यांसारखीच होती म्हणून तिला निवडलंय.

मराठी वाचकाला हे प्रदर्शन जरा जास्तच जवळचं वाटेल. मुंबईच्या गिरण्यांत बायका ज्या खात्यांत असायच्या त्यांत वाइंडिंग आणि रीलिंग ही मुख्य. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढे यंत्रं बदलली, 'सुधारणा' आल्या, बायकांना रातपाळीची बंदी आली, आणि हा हिस्सा घसरत गेला. 1982 च्या संपापर्यंत गिरणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त पुरुष उभा राहू लागला. घाटावरून किंवा कोकणातून आलेला, चाळीच्या खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहणारा. वाइंडिंग खात्यातली बाई आपल्या आठवणीतून आधी गेली, गिरणी नंतर. अल्व्हासमोर उभं राहिल्यावर मला परळ आठवलं नाही. परळमध्ये अल्व्हा कोण होती हे आपण विचारलंच नाही, ते आठवलं.

आता सभागृहाकडे वळू, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. त्याला लुई दे गेअर यांचं नाव आहे. गावातल्या जुन्या चौकात त्यांचा पुतळाही आहे, तोही मिलेसचाच. लिएजमध्ये जन्मलेला हा व्यापारी (1587–1652) स्वीडनच्या लोखंड आणि शस्त्र उद्योगाचा जनक मानला जातो. तीस वर्षांच्या युद्धात त्याने सैन्यांना तोफा पुरवल्या, वालून कारागीर आणले आणि नॉरशॉपिंगला कारखाने उभे केले. हे सगळं खरं. पण 1640 च्या दशकात त्याची जहाजं पश्चिम आफ्रिकेतून गुलाम माणसं वाहून नेत होती, आणि 1649 मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश आफ्रिका कंपनीमागे मुख्य पैसा त्याचा होता. हेही तितकंच नोंदलेलं आहे. ज्या शहराने एका गुंडाळणीवालीची 35 वर्षं इतक्या बारकाईने मांडली, त्याने आपल्या सर्वांत भव्य वास्तूला हे नाव द्यावं आणि तिथे सहजपणे मैफली भरवाव्यात, हे मला पटत नाही. नाव बदला, असा माझा आग्रह नाही. पण अल्व्हाला जी बारकाई मिळाली ती दे गेअरलाही मिळू दे.

न्यायाने सांगायचं तर शहरात मोआ मार्टिनसनचाही पुतळा आहे. ती 1890 मध्ये याच प्रदेशात जन्मली, तिची आई नॉरशॉपिंगच्या कापड गिरण्यांत राबली, आणि 'आई लग्न करते' अशा अर्थाच्या तिच्या 1936 च्या कादंबरीत ते बालपण आलंय. इंग्रजी भाषांतर आहे. जाताना ट्रेनमध्ये वाचा. धबधब्याच्या फोटोंपेक्षा त्यात शहर जास्त आहे.

तर मग पहिला प्रश्न: आपल्याला का नाही जमलं? माझं उत्तर संस्कृतीत नाही, जमिनीच्या भावात आहे. नॉरशॉपिंगच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्या जागांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं. पाडून करायचं काय? मुंबईत उलट होतं. गिरणी चालवण्यापेक्षा तिची जमीन विकणं कितीतरी फायद्याचं होतं, आणि 1991 नंतरच्या नियमांनी, मग 2001 च्या बदलांनी, तो रस्ता अधिकाधिक मोकळा केला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहराची बाजू हरली. "युरोपियन लोकांना वारशाची कदर असते" हे वाक्य म्हणून मला आळशी वाटतं. त्यात ज्यांनी मोर्चे काढले, घरांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, ते गिरणी कामगार गायबच होतात.

शिवाय इमारती गेल्या तरी मुंबईत बोलणारी माणसं राहिली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभरेक जणांचे आवाज एका पुस्तकात एकत्र केले. नारायण सुर्वे स्वतः गिरणीत राबले होते. जयंत पवारांचं 'अधांतर' एका संपकरी घरात घडतं आणि अजून ताजं वाटतं. नॉरशॉपिंगच्या पुलावर उभं राहून मला हा आवाज हवा होता, भोंग्याचा नव्हे तर माणसांचा. तिथे तो फक्त एका इमारतीच्या आत आहे.

जाणार असाल तर क्रम उलटा करा. बहुतेक लोक पाण्यापासून सुरुवात करतात आणि पाय दुखले की संग्रहालयात शिरतात. तुम्ही आधी अल्व्हाकडे जा, मग बाहेर येऊन त्याच भिंती बघा. पिवळी ट्राम अजून चालते, तिने जुन्या चौकात जा आणि पुतळ्याखालची पाटी वाचा. धबधबा संध्याकाळी. आणि निघण्याआधी घरी एक फोन करा. आजी, आजोबा, मामा, आत्या, कोणी ना कोणी गिरणीत होतं का विचारा, आणि असेल तर खातं कोणतं, पाळी कोणती, धागा तुटला तर काय करायचे, एवढंच. उत्तर लिहून घेऊन जा. अल्व्हाचं प्रदर्शन तुम्हाला स्वीडिश न येताही बरंच कळेल.