साप गोगलगायीवर जगणारा, नाव देणगीदाराचं

आता आपण २०१८च्या एका शोधनिबंधाकडे वळू. 'झूकीज' या नियतकालिकात इक्वाडोर-पेरूमधल्या, गोगलगायी खाणाऱ्या सापांच्या पाच नव्या प्रजाती जाहीर झाल्या. यातल्या काहींना नाव देण्याचा हक्क चक्क लिलावात विकला गेला. 'डिप्सास जॉर्जजेटी', 'डिप्सास क्लेब्बाय' ही नावं वाचा. त्यांतून साप दिसतो का? नाही दिसत.

आणि साप तर बघण्यासारखा! सडपातळ, बिनविषारी, रात्री झाडाझुडपांत फिरणारा. तो शंख फोडत बसत नाही. खालचा जबडा शंखात घालतो, त्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने पुढेमागे सरकवतो आणि मऊ जीव बाहेर ओढतो. तिकडे जपानच्या इशिगाकी-इरिओमोते बेटांवरचा, वेगळ्याच कुळातला एक साप हेच करतो. बहुतेक शंख उजव्या वळणाचे, म्हणून त्याच्या जबड्यात उजवीकडे सरासरी २५ दात आणि डावीकडे साडेसतरा! आहार एक, पण वाटा दोन. खरी गोष्ट ही आहे.

लिलावाला सरसकट नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या पैशातून जंगलाची जमीन विकत घेतली गेली, यातल्या काही सापांचं घर वाचलं, हे नाकारून चालणार नाही. शिवाय आश्रयदात्यांची नावं देण्याची चाल जुनीच आहे. त्याच पाचांपैकी एक नाव इक्वाडोरचेच जीवशास्त्रज्ञ ओस्वाल्दो बाएझ यांचंही आहे. तिथे नाव मिळालं ते कामामुळे.

माझा आक्षेप वेगळा आहे. २०२३ मध्ये अशाच एका सापाला अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओच्या आईचं नाव मिळालं. बातम्यांचे मथळे डिकॅप्रिओचे झाले. संशोधक मात्र सांगत होते ते खाणींबद्दल, खाणींपायी उद्ध्वस्त होणाऱ्या जंगलाबद्दल. ते कितीजणांनी शेवटपर्यंत वाचलं?

आपल्याकडे धामण, दिवड, मण्यार ही नावं लोकांनी दिली, रोजच्या बघण्यातून. तिथल्या गावकऱ्यांचीही या सापांसाठी काही नावं असतील, ती आधी विचारायला हवीत. देणगी जरूर घ्या, जमीनही घ्या. देणगीदाराचं नाव जमिनीच्या फलकावर लावा की! सापाच्या नावात साप राहू द्या.